लाखभर लोकांच्या बेटाला सुरक्षा परिषद विचारते तरी का?

जिनिंगवाला (शहादा)

नमस्कार मंडळी. इथं एरवी कापसाचा भाव नाहीतर पाटाच्या पाण्याचं आवर्तन याच्यावर भांडणं चालतात, त्यात माझा प्रश्न म्हणजे भलतंच काहीतरी, पण दुसरीकडे कुठं विचारावं ते सुचलं नाही.

पोरगी नववीत आहे. पुढच्या शनिवारी शाळेत युनोची सुरक्षा परिषद भरवणार आहेत, म्हणजे नाटकातली, पंधरा पोरं पंधरा देश, टेबलं गोल मांडायची, पाट्या लावायच्या, ठराव मांडून मतदान घ्यायचं. देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या. हिच्या मैत्रिणीला भारत आला, मागच्या बेंचवरच्या एका पोराला रशिया, तो तेव्हापासून व्हेटो व्हेटो करत वर्गभर फिरून राहिला, आणि आमच्या बाईसाहेबांच्या वाट्याला सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनाडीन्स. घरी आली ती तोंड एवढंसं करून. पप्पा हा देश तरी आहे का. मी म्हटलं चिठ्ठीत आहे म्हणजे असेलच. मोबाईलवर नकाशा काढला, कॅरिबियन समुद्रात झूम करत गेलो करत गेलो तेव्हा कुठं ठिपका दिसला. लोकसंख्या लाखाच्या जरा वर. म्हणजे आपलं नंदुरबार शहर, खलास.

विषय दिलाय डिसेंबर २०२१ चा ठराव, हवामान बदल आणि सुरक्षा. मॅडमनी सांगितलंय तुमच्या देशाने तेव्हा खरोखर काय केलं ते शोधून आणा.

तर मला हे कळंना की नंदुरबारएवढा देश तिथं जाऊन बसतोच कसा, बसला तर त्याला कोणी हिंग लावून विचारतं का, आणि ही परिषद अशा बेटांसाठी कधी काही करते का नुसतं बोलू देते. आणखी एक, मैत्रीण म्हणते भारताने त्या ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. खरंय का? बुडणाऱ्या बेटांच्या विरोधात आपण? सोप्या भाषेत सांगा, मी बारावी कॉमर्स आहे.

भुसावळ_जंक्शन

दादा पोरीला म्हणा रडू नको, रशियापेक्षा भारी चिठ्ठी लागलीय तिला. (तीन वर्षं एमपीएससीची अभ्यासिका झिजवली, पोस्ट काही निघाली नाही, पण हे सगळं पाठ आहे, कोणाच्या तरी कामी येऊ द्या.)

परिषदेत १५ देश. ५ कायमचे, अमेरिका रशिया चीन ब्रिटन फ्रान्स, व्हेटो, म्हणजे एकट्याच्या नकाराने ठराव पाडायचा अधिकार, फक्त यांनाच. बाकी १० दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात, दरवर्षी ५ जागा निघतात, आणि निवडणूक घेते आमसभा, जिथं १९३ देशांना प्रत्येकी एकच मत. चीनला एक, तुवालूला पण एक, आणि तुवालूची लोकसंख्या अकरा हजाराच्या आसपास, आपल्याकडे एवढ्यात एक मोठी ग्रामपंचायत होते. जागा विभागवार वाटलेल्या, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन मिळून दोन. निवडून यायला दोन तृतीयांश मतं लागतात.

आता गंमत बघा. जून २०१९ ला सेंट व्हिन्सेंट उभं राहिलं, समोर एल साल्वादोर. मतं पडली १८५ आणि ६. पुढच्या वर्षी, म्हणजे जून २०२० ला आपला भारत निवडून आला, तो १८४ मतांनी. पोरीने भाषणाची सुरुवात इथूनच करावी, भारताच्या पाटीकडे बघून.

परिषदेत बसलेला आजवरचा सगळ्यात छोटा देश हाच. पण एकटा बसला नाही, तिथं तेव्हा आफ्रिकेचे तीन देश होते, २०२१ ला केनिया, नायजर, ट्युनिशिया, त्यांच्याशी जोडी जमवली, ए-थ्री प्लस वन असं नावच पडलं, चौघांचं मिळून एकच निवेदन वाचायचे बऱ्याचदा. ठराव पास व्हायला ९ मतं लागतात, त्यात ४ गठ्ठा मतं म्हणजे चेष्टा नाही. आणि हे नुसतं राजकारण नव्हतं, त्या बेटावरची बहुसंख्य माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज, नातं जुनं आहे. नोव्हेंबर २०२० ला महिनाभर परिषदेचं अध्यक्षपद पण यांच्याकडे आलं होतं, ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने फिरतं.

अजून एक, ते परिषदेत असतानाच एप्रिल २०२१ ला त्यांचा ला सुफ्रिएर ज्वालामुखी फुटला, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. म्हणजे राखेने भरलेल्या देशाचा राजदूत न्यूयॉर्कमधे बसून लिबिया सीरियावर मत देत होता. तुमच्या पोरीला हे आवडेल.

केळीवाला_रावेर

जंक्शनभाऊ पुस्तकातलं सगळं बरोबर. पण बसायला पाट मिळाला म्हणून ताटात वाढतातच असं नाही.

ह्या सेंट व्हिन्सेंटच्या अगदी शेजारी ग्रेनाडा नावाचा वेगळा देश आहे, नावं सारखी वाटतात पण वेगळा. तो पण लाखभराचाच. १९ ऑक्टोबर १९८३ ला तिथले पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच सरकारातल्या विरोधी गटाच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या, आणि सहाच दिवसांनी, २५ तारखेला, अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. म्हणे आमचे विद्यार्थी तिथं मेडिकलला आहेत त्यांना वाचवायचंय. मामला सुरक्षा परिषदेत गेला. सैन्य मागे घ्या असा ठराव, ११ देश बाजूने, ३ तटस्थ, विरोधात हात एकच. अमेरिकेचा. झालं, ठराव कचऱ्यात. तटस्थ तिघांत ब्रिटन होता, आणि ग्रेनाडाच्या गादीवर राणी कोणाची तर ब्रिटनचीच! तिच्या राज्यात न विचारता फौज घुसली आणि तिचंच सरकार हात खाली ठेवून बसलं.

मग आमसभेत गेले. तिथं व्हेटो नाही. २ नोव्हेंबरला १०८ विरुद्ध ९ असा निषेधाचा ठराव पास झाला. पुढे काय? काही नाही. आमसभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा दारूबंदीचा ठराव, फळ्यावर लिहिलेला असतो आणि गुत्ता शेजारीच चालू असतो.

आता खरी मेख. त्या विरोधातल्या ९ मधे अमेरिका आणि इस्रायलबरोबर कोण होतं माहितीय? बार्बाडोस, जमैका, डॉमिनिका, सेंट लुसिया आणि तुमच्या पोरीचं सेंट व्हिन्सेंट. शेजारच्या बेटांनीच अमेरिकेला या म्हटलं होतं, डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजेनिया चार्ल्स तर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या शेजारी उभ्या राहून पत्रकारांशी बोलल्या. भीती अशी की आज ग्रेनाडात बंदुकीवाल्यांनी सत्ता घेतली उद्या आमच्याकडे घेतील, आणि आमच्याकडे तर धड फौजच नाही. त्यामुळे छोटी बेटं सगळी एका बाजूला आणि मोठे दांडगे दुसऱ्या बाजूला असं सोपं चित्र पोरीला देऊ नका, समोरच्याने हे काढलं तर ती तोंडावर पडेल.

अनामिक_यावल

बऱ्हाणपूर बोर्डाचा केळीचा आजचा भाव कोणी टाकेल का

केळीवाला_रावेर

दुसऱ्या धाग्यावर टाकलाय भाऊ. इथं ग्रेनाडा चालूय.

सातपुडा_मास्तर

मी धडगाव तालुक्यात शिक्षक, नर्मदेच्या बाजूला. आमच्या काही पाड्यांना सरदार सरोवराचं पाणी असं येऊन भिडलंय की टेकडी वर राहिली आणि तिन्ही अंगाला पाणी, जायचं तर बोटीने. पोषण आहाराचा तांदूळ बोटीतून येतो, पोतं ओलं झालं की वाळवायला शाळेच्या ओट्यावर पसरायचं आणि एका पोराला कोंबड्या हाकायला बसवायचं. पाणी फुगलं की बोट बंद, मग शाळा पण बंद. राज्यातली ३३ गावं त्या धरणात गेली, पहिला नंबर अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचा. बेटांचा धडा शिकवताना मला नकाशा लागत नाही एवढंच सांगायचं होतं.

आता मुद्द्यावर. परिषद बेटांसाठी काय करते असं दादांनी विचारलंय. एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहिती असते, की काही बेटं थेट सुरक्षा परिषदेच्या देखरेखीखाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून घेतलेली पॅसिफिकमधली मार्शल, पलाऊ, मायक्रोनेशिया वगैरे बेटं १९४७ ला युनोचे विश्वस्त प्रदेश झाली, म्हणजे स्वतःचा कारभार येईपर्यंत दुसऱ्याने सांभाळायची, आणि कारभार अमेरिकेकडे दिला. अशा प्रदेशांचं एरवीचं काम आमसभा आणि विश्वस्त मंडळ बघायचं, पण ही बेटं लष्करी महत्त्वाची म्हणून सुरक्षा परिषदेकडे, म्हणजे जिथं अमेरिकेला व्हेटो तिथंच तिच्या कारभाराचा हिशोब. चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

१९४६ ते १९५८ मधे मार्शल बेटांवर अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ चा बिकिनीवरचा ब्राव्हो स्फोट १५ मेगाटनचा, अंदाजापेक्षा अडीच पट. रोंगेलॅप बेटावर पांढरी राख पडली, पोरं त्यात खेळली, अंगाला लावली, कोणी सांगायलाच नव्हतं ते काय आहे. दोन दिवसांनी त्यांना उचलून नेलं, तोवर कातडी सोलायला लागली होती, केस गळायला लागले होते. त्याच वर्षी मार्शलच्या लोकांनी युनोला अर्ज केला की चाचण्या थांबवा, आणि थांबवणार नसाल तर निदान आधी आम्हाला सुरक्षित ठिकाणी हलवा. मला हे दुसरं वाक्य वाचवत नाही. आमच्याकडे पण लोक आता धरण नको असं म्हणत नाहीत, निदान जमिनीला जमीन द्या म्हणतात. चाचण्या पुढे चार वर्षं चालूच होत्या.

शेवटी १९९० ला परिषदेने ठराव करून मार्शल आणि मायक्रोनेशियाचं विश्वस्तपद संपवलं, पलाऊचं १९९४ ला. पुढे ते देश म्हणून युनोत आले, आज तिथं बसून हवामानावर सगळ्यात मोठ्याने तेच बोलतात.

हवामानाचं म्हणाल तर परिषदेत पहिली चर्चा एप्रिल २००७ ला, ब्रिटनने लावली. २०११ च्या जुलैत जर्मनीने परत लावली तेव्हा नाउरूचे राष्ट्राध्यक्ष मार्कस स्टीफन पॅसिफिक बेटांच्या वतीने बोलले, गडी मूळचा वेटलिफ्टर, कॉमनवेल्थमधे सुवर्णपदकं मिळवलेला, देश २१ चौरस किलोमीटरचा. मागणी काय तर हवामान आणि सुरक्षेवर युनोचा एक विशेष प्रतिनिधी नेमा. मिळालं एक अध्यक्षीय निवेदन. कागद.

फौजी_चाळीसगाव

मास्तर लिहिलंत भारी, पण सगळं काळंच रंगवू नका.

मी १९९९-२००० ला लेबनॉनमधे होतो, आपली बटालियन युनोच्या निळ्या टोपीत. तिथं फिजीची बटालियन होती, देश नऊ लाखांच्या आतबाहेर, आपला जळगाव जिल्हा त्याच्या चारपट भरेल, आणि ते १९७८ पासून तिथं. धिप्पाड लोक, रविवारी चर्चमधे असं गातात की बाहेर उभं राहून ऐकत बसावं. काही जण मोडकी हिंदी बोलायचे, त्यांच्याकडे गिरमिटियांची, म्हणजे इंग्रजांनी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची वस्ती ना. काना गावात त्यांच्याच कंपाउंडमधे १९९६ ला आसऱ्याला आलेल्या शंभरावर गावकऱ्यांचा जीव गेला होता, इस्रायलच्या तोफांनी, ते लोक त्याच्यावर बोलायचे नाहीत, विषय निघाला की चहा ओतायचे. २०१४ ला सीरियाच्या गोलानमधे त्यांचे ४५ जवान अल-नुसरा या अतिरेकी गटाने पकडले होते, दोनेक आठवड्यांनी सुटले. तर सांगायचं हे की बेटं परिषदेकडे नुसतं मागायला जातात असं नाही, परिषदेचे ठराव जमिनीवर उभे राहतात ते अशांच्या पायावर. आणि तरी आजवर पॅसिफिकमधलं एकही छोटं बेट परिषदेत निवडून गेलेलं नाही. फिजी नाही, कोणीच नाही. कॅरिबियन, मॉरिशस, माल्टा, केप व्हर्डे बसून आले, पॅसिफिकवाले बाहेरच.

आणि परिषदेने काहीच केलं नाही असंही नाही, पूर्व तिमोर बघा. डिसेंबर १९७५ ला इंडोनेशिया घुसला, परिषदेने एकमताने ठराव केला मागे व्हा, इंडोनेशियाने ढुंकून पाहिलं नाही, २४ वर्षं. मग ३० ऑगस्ट १९९९ ला सार्वमत, ७८ टक्क्यांवर लोक म्हणाले स्वतंत्र व्हायचं, त्यावर जाळपोळ कत्तली सुरू झाल्या, तेव्हा १५ सप्टेंबरला परिषदेने फौज मंजूर केली, ऑस्ट्रेलियाच्या हाताखाली, दिवसांत उतरली. नंतर युनोनेच तिथं सरकार चालवलं, २० मे २००२ ला देश झाला. तोच ठराव १९७५ ला हलला नाही कारण इंडोनेशिया अमेरिकेचा जिवलग, थंड युद्ध चालू. १९९९ ला कोणत्याही व्हेटोवाल्याचं घोडं अडत नव्हतं. एवढाच फरक.

केळीवाला_रावेर

फौजी काका सलाम. पण युनोची फौज आली की धड वागतेच असंही नाही. हैतीत २०१० ला युनोच्या छावणीतलं मैलापाणी नदीत गेलं आणि कॉलरा पसरला, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, भूकंपातून सावरत नाहीत तोवर. कोर्टात गेले तर युनोला कायद्याचं संरक्षण. युनोचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरात, जाता जाता. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत.

झोका

मी धुळ्याला लॉ करते, तिसरं वर्ष. दादांचा भारताचा प्रश्न कोणीच घेतला नाही म्हणून लिहितेय.

हो, खरंय. १३ डिसेंबर २०२१. ठराव आयर्लंड आणि नायजरचा, पाठिंबा देणारे देश ११३. परिषदेने हवामानाकडे सुरक्षेचा प्रश्न म्हणून पद्धतशीर बघावं एवढंच. बाजूने १२, त्यात सेंट व्हिन्सेंट. चीन तटस्थ. विरोधात दोन, रशिया आणि भारत. रशियाचं मत म्हणजे व्हेटो, त्यामुळे पडला. भारताने विरोध केला नसता तरी पडलाच असता.

आता आपलं म्हणणं काय होतं ते पण ऐका, लगेच शरमेने मान घालू नका. हवामानाची बोलणी ज्या चौकटीत चालतात तिथं सगळे देश बसतात आणि सगळ्यांचं ऐकावं लागतं. तोच विषय परिषदेत नेला की निर्णय १५ जणांचा, खरं तर पाचांचा, आणि धूर सोडून श्रीमंत झालेले देशच त्या पाचांत, उद्या तेच तुम्हाला सुरक्षेच्या नावाखाली कोळसा बंद करा म्हणतील आणि कबूल केलेले पैसे काही द्यायचे नाहीत. आपल्या राजदूतांनी असंच मांडलं. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. पण एक खटकतं. परिषदेत हा विषय घ्या अशी मागणी मोठ्यांपेक्षा आधी आणि जास्त चिकाटीने बेटांनीच केलीय, २००९ ला पॅसिफिक बेटांनी आमसभेत तसा ठराव पास करून घेतला होता. ज्यांच्या दारात पाणी आलंय ते म्हणतायत तिथं न्या, आणि आपण म्हणतो नको, तुमचं भलं दुसऱ्या ऑफिसात होईल. हे सरकारी कचेरीतल्या टेबलासारखं झालं, साहेब हे आमच्याकडे येत नाही, वरच्या मजल्यावर जा.

बेटं वरच्या मजल्यावर गेली सुद्धा. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्याच पोरापोरींनी, २०१९ ला कल्पना काढली की आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारू. वानुआतूने ती उचलली, मार्च २०२३ ला आमसभेत एकमताने पास झाली, आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या कोर्टाने मत दिलं की हवामान राखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, मोडली तर परिणाम भोगावे लागू शकतात. सल्ल्याचं मत आहे, बंधनकारक नाही, पण आता कुठल्याही कोर्टात ते दाखवता येतं.

हीच वाट मॉरिशसने आधी धरली होती. हिंदी महासागरातली छागोस बेटं ब्रिटनने १९६५ ला मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या आधी कापून घेतली, लोकांना हाकललं आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ बसवला. सुरक्षा परिषदेत जाऊन उपयोग काय, दोन्ही आरोपी व्हेटोवाले. म्हणून आमसभेतून कोर्टात. फेब्रुवारी २०१९ ला मत मॉरिशसच्या बाजूने, मे २०१९ ला आमसभेत ११६ विरुद्ध ६. आणि त्या सहांत मालदीव! बेट बेटाच्या विरोधात, समुद्राच्या हद्दीवरून. केळीवाले दादा म्हणतात ते खरंच. (मॉरिशसमधे कोकणातून गेलेल्या मराठी लोकांची मोठी वस्ती आहे, सहज आठवलं.) मे २०२५ ला ब्रिटनने बेटं परत द्यायच्या करारावर सही केली, तळ मात्र ९९ वर्षं भाड्याने ठेवून.

पोरीला सांगा, परिषदेत बेटाचं वजन कमी आणि आमसभेत पूर्ण एका मताचं. म्हणून बेटं परिषदेत बोलतात ते परिषदेसाठी नाही, बाहेरचे १७८ ऐकतायत म्हणून.

आप्पा_अमळनेर

बठ्ठं खरं शे, पन व्हेटो कोन काढी? जेना हातमा काठी तेनी म्हैस.

जिनिंगवाला (शहादा)

मंडळी काय बोलू, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री जेवणानंतर पोरीला सगळं वाचून दाखवलं. १८५ आणि १८४ ला टाळी वाजवली तिने. ग्रेनाडाचं मत ऐकून गप्प बसली, मग म्हणाली हे मी सांगणार नाही, कोणी विचारलं तरच सांगेन, वकील होणार बहुतेक. मास्तरांचं राखेचं ऐकून तिच्या आईने भांडी घासायची थांबवली.

आता नवीन अडचण. हिने सकाळी व्हॅनमधेच मैत्रिणीला, म्हणजे भारताला, झोकाताईंचं ते वरच्या मजल्याचं ऐकवलं. तिने उलट विचारलं, तुझ्या बेटाला कोळसा लागत नाही म्हणून बोलतेस, आमच्या दीपनगरच्या वीज केंद्रात लाईट कशावर बनते सांग. त्यावर हिच्याकडे उत्तर नव्हतं. दोघी रोज एका सीटवर बसतात, आज येताना एक पुढं बसली एक मागं. दीपनगरच्या कोळशावर सेंट व्हिन्सेंटने काय बोलावं ते कोणी शनिवारच्या आत सांगा.